‘भाई’ म्हणण्याची परवानगी

कोरियन मालिका बघणाऱ्या बाईला आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, ‘त्या सगळ्यांचे चेहरे सारखेच, मग कोण कुठला ते ओळखता कसं?’ आणि दुसरा, ‘एवढं असतं तरी काय त्यात?’ पहिल्या प्रश्नाला मी उत्तर देत नाही. विचारणाऱ्या मंडळींना आमच्या पालक सभेला आलेल्या बुरख्यातल्या आयाही सगळ्या सारख्याच दिसतात, हे मला अनुभवाने माहीत आहे. दुसरा प्रश्न मात्र रास्त आहे.

मी रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीकाठच्या गावात उर्दू शाळेत शिकवते. घरात आमची कोकणी, शाळेत उर्दू, पंचायत समितीत मराठी आणि बाजारात जी समोर येईल ती, अशी रोजची कसरत. त्यामुळे पडद्यावर माणसं एका भाषेत बोलताहेत आणि खाली अक्षरं दुसऱ्याच भाषेत धावताहेत, याचं मला कधी ओझं वाटलं नाही. उलट पहिल्यापासून माझं लक्ष कथेपेक्षा बोलण्याकडे जास्त. कोण कुणाशी कसं बोलतो, केव्हा आवाज उतरवतो, केव्हा नाव घेऊन हाक मारतो... शिक्षकाची खोडच असते ती.

कोरियन भाषेत आदराने बोलायची क्रियापदं वेगळी आणि सलगीची वेगळी. आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’सारखंच हे, पण त्याहून कडक. सर्वनाम गाळून बोलता येतं, क्रियापदाचा शेवट कसा गाळणार? वाक्य पुरं करायचं तर समोरचा आपल्यापेक्षा मोठा की लहान, हे आधी ठरवावंच लागतं. म्हणून नव्याने ओळख झालेली माणसं आधी एकमेकांचं वय विचारून घेतात. मग काही दिवसांनी त्यातला एक म्हणतो, आता बोलणं खाली ठेवू या. त्यांच्या भाषेत अक्षरशः ‘खाली ठेवणं’च आहे ते. डोक्यावरचा हंडा उतरवावा तसं.

नात्यांचंही असंच. मोठ्या भावाला मुलगा ‘ह्योंग’ म्हणतो, मुलगी ‘ओप्पा’ म्हणते. मोठ्या बहिणीला मुलगा ‘नूना’ म्हणतो, मुलगी ‘ऑन्नी’. मास्तर म्हणजे ‘सॉन्सेंगनिम’. त्यातला शेवटचा ‘निम’ म्हणजे आपला ‘साहेब’ किंवा ‘जी’. ‘ओप्पा’ हा शब्द मुली सख्ख्या भावालाही वापरतात आणि प्रियकरालाही, यावर माझ्या शाळेतल्या एक हिंदू सहकारी फार हसल्या. मला काही हसू आलं नाही. लहानपणापासून ज्याला भाईजान म्हटलं त्याच्याशीच निकाह ठरला, तर दुसऱ्या दिवसापासून त्याला हाक काय मारायची, हा प्रश्न आमच्या खानदानात निदान तीन बायकांना पडलेला मी पाहिला आहे. तिघींनीही तो एकाच पद्धतीने सोडवला. हाकच मारायची नाही!

इंग्रजी सबटायटलांत या सगळ्या शब्दांच्या जागी बहुतेक वेळा नुसतं नाव येतं. गोष्ट कळते, नातं हरवतं. आणि कधी कधी सगळी गोष्टच त्या नात्याच्या शब्दात असते.

१७ सप्टेंबर २०२१ रोजी आलेली ‘स्क्विड गेम’ ही मालिका ज्यांनी पाहिली नाही त्यांनीही नाव ऐकलं असेल. ४५६ कर्जबाजारी माणसं, लहान मुलांचे खेळ, आणि हरला तो मेला. रक्त इतकं की मी निम्मे भाग ओढणी डोळ्यांवर घेऊन पाहिले. मला ती मालिका फार थोर वाटत नाही. पण तिच्यात १९९ क्रमांकाचा एक खेळाडू आहे, अली अब्दुल. पाकिस्तानातून कारखान्यात मजुरीला आलेला. मालकाने सहा महिन्यांचा पगार दिलेला नाही, कामावर हाताला कायमची दुखापत झालेली, घरी तरुण बायको आणि तान्हं मूल. हा अली समोर येईल त्याला ‘साजांगनिम’ म्हणतो. मालकसाहेब! सांग-वू नावाचा एक शिकलासवरलेला माणूस त्याला बसभाड्याचे पैसे देतो. अली त्यालाही साजांगनिम म्हणतो. तेव्हा तो म्हणतो, साजांगनिम नको, मला ह्योंग म्हण. अलीच्या तोंडावर त्या क्षणी जो उजेड येतो, तो दाखवायला सबटायटल अपुरं आहे. परक्या मुलखात कुणीतरी ‘भाई’ म्हणायची परवानगी दिली होती. पुढे गोट्यांच्या खेळात हाच ह्योंग अलीच्या पिशवीतल्या गोट्या काढून घेतो आणि तिच्यात खडे भरतो. अली शेवटपर्यंत ह्योंगच्या भरवशावर हिंडत राहतो.

आमच्या गावात घरटी एक माणूस आखातात जाऊन आलेला आहे. माझे मोठे मामू तिथे अकरा वर्षं होते. तिथल्या एका कंपनीने त्यांचा सात महिन्यांचा पगार अडकवला. पासपोर्ट मालकाच्या कपाटात. तरी फोनवर मामू सांगायचे, ‘शेठ चांगला आहे, मला भाईच म्हणतो.’ मामींना तेवढ्यावर धीर यायचा. अलीची गोष्ट मी मामींना सांगायला घेतली. ह्योंग म्हणायची परवानगी मिळाली, इथपर्यंत आले आणि मामी म्हणाल्या, ‘बस्स. पुढचं सांगू नकोस. मला माहीत आहे.’

कोरियात पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका अशा देशांतून मजूर नेण्याची सरकारी परवाना पद्धत २००४ पासून आहे. त्यात मालकाच्या संमतीशिवाय सहसा दुसरीकडे काम धरता येत नाही. कफील हा शब्द ज्यांच्या घरात रोज उच्चारला जातो त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. म्हणजे मालिका लिहिणाऱ्याने अलीची परिस्थिती काही हवेतून आणलेली नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. अली इतका भोळा का? परदेशात राबणारा मजूर भोळा राहूच शकत नाही. मामू भोळे नव्हते. फोनवरचं बोलणं मामींसाठी होतं. तिकडे त्यांनी त्याच कंपनीतल्या बांगलादेशी आणि केरळच्या कामगारांना एकत्र केलं, हिशेबाच्या चिठ्ठ्या जपून ठेवल्या, तक्रार केली, आणि सातांपैकी चार महिन्यांचा पगार पदरात पाडूनच विमानात बसले. अशा अलीची मालिका मला अजून दिसलेली नाही. प्रेक्षकाचे डोळे ओले करायचे तर परका माणूस देवभोळा लागतो आणि तो वेळेवर मरावाही लागतो.

अलीचं काम करणारा अनुपम त्रिपाठी दिल्लीचा. २०१० मध्ये शिष्यवृत्तीवर कोरियाला गेला आणि तिथेच नाट्यशिक्षण घेतलं. फार जीव लावून काम केलं त्याने. दोन वर्षांनी, २०२३ मध्ये, ‘किंग द लँड’ नावाच्या मालिकेत तोच नट अरब शहजादा झाला. हा शहजादा बायकांच्या गराड्यात मजा मारताना आणि नायिकेच्या मागे लागताना दाखवला. अरब देशांतल्या प्रेक्षकांनी निषेध केला आणि वाहिनीला माफी मागावी लागली. त्याआधी २०१७ मध्ये ‘द मॅन हू डाइज टू लिव्ह’मध्ये डोक्यावर हिजाब आणि अंगात बिकिनी अशा बायका दाखवल्या होत्या. तेव्हाही माफी. मजूर असेल तर भोळा आणि श्रीमंत असेल तर रंगेल, हे दोनच मुसलमान त्या लेखणीला ठाऊक दिसतात. आपल्याकडच्या पडद्यावर तिसराही असतो, पण त्याच्या हातात बंदूक असते. त्यामुळे कोरियनांवर फार रागवायचा हक्क आपल्याला आहे का, असं मनात येतं. शिवाय त्यांनी माफी मागितली, हेही मी लक्षात ठेवलं आहे.

असो. मला या मालिकांची ओढ लागली ती याच्या कितीतरी आधी, ‘दे जांग-गुम’मुळे. मूळ मालिका २००३-०४ ची, ५४ भागांची. २००६ मध्ये दूरदर्शननेही ती हिंदीतून दाखवली होती. सोळाव्या शतकातल्या जोसॉन राज्याच्या मुदपाकखान्यात कामाला लागलेली अनाथ मुलगी पुढे राजाची वैद्य होते, अशी गोष्ट. जांग-गुम नावाच्या वैद्य बाईचा उल्लेख त्या राजघराण्याच्या बखरींत खरोखर सापडतो. बाकीचं सगळं रचलेलं. पण रचावं तर असं!

त्यातला एक प्रसंग मी बी.एड.च्या कुठल्याही पुस्तकात वाचला नाही. हान सांगगुंग ही स्वयंपाकघरातली वडीलधारी बाई लहानग्या जांग-गुमला पाणी आणायला सांगते. मुलगी पाणी आणते. बाई म्हणते, हे नको, परत आण. मुलगी गरम आणते, गार आणते, पान घालून आणते. प्रत्येक वेळी नकार. अनेक दिवस हे चालतं. शेवटी मुलगी पाणी न आणता विचारते, तुमचं पोट दुखतं आहे का? घसा खवखवतो आहे का? आणि मग तसं पाणी आणते. बाईला हवा होता तो हा प्रश्न. भांड्यात ओतल्यावर पाणीसुद्धा अन्न होतं, आणि खाणाऱ्याची प्रकृती विचारल्याशिवाय अन्न वाढायचं नसतं. बाईने उत्तर सांगितलं नाही, ओरडली नाही, वाट पाहिली. आमच्या प्रशिक्षण शिबिरांत ‘विद्यार्थीकेंद्रित अध्यापन’ या विषयावर दोन-दोन तास भाषणं होतात आणि चहा गार येतो.

ही मालिका इराणमध्येही अतिशय लोकप्रिय झाली. पण इराण आणि पूर्वेकडच्या मालिका यांचं नातं त्याहून जुनं आहे, आणि ते आपल्या वाचकांनी माहीत करून घ्यावं असं आहे. जपानच्या एनएचके वाहिनीवर १९८३-८४ मध्ये ‘ओशिन’ नावाची मालिका चालली. पंधरा-पंधरा मिनिटांचे २९७ भाग, लेखिका सुगाको हाशिदा. सरासरी ५२.६ टक्के प्रेक्षक, म्हणजे निम्म्याहून जास्त घरं. यामागाता भागातल्या गरीब कुळाची सात वर्षांची पोर तांदळाच्या एका पोत्याच्या मोबदल्यात परक्याच्या घरी मूल सांभाळायला पाठवली जाते. बर्फ पडत असताना तराफ्यावरून ती नदी उतरते आणि काठावरून बाप धावतो. बालपणाचे भाग मी पाहिले आहेत. पुढचे सगळे पाहणं नोकरी सांभाळून शक्य नाही. पण ओशिनला अक्षरं शिकवणारा, सैन्यातून पळालेला शिपाई शुन्साकु ज्या भागात आहे, ते भाग प्रत्येक शिक्षकाने पाहावेत.

इराणमध्ये ही मालिका दाखवली गेली तेव्हा युद्धाचे दिवस होते. बायका घर ओढत होत्या. जानेवारी १९८९ मध्ये हजरत फातिमा यांच्या जन्मदिनाच्या निमित्ताने रेडिओवर बायकांना विचारण्यात आलं की आजच्या स्त्रीचा आदर्श कोण. एका बाईने उत्तर दिलं, ओशिन. खोमेनी संतापले. नभोवाणीच्या प्रमुखाला पत्र गेलं, जबाबदार कर्मचाऱ्यांना शिक्षा सुनावल्या गेल्या आणि मग माफही केल्या गेल्या. गंमत अशी की बाजारात मात्र ओशिन राहिलीच. तिच्या सासरच्या नावावरून इराणमध्ये जुन्या कपड्यांच्या दुकानांना आजही ‘तानाकुरा’ म्हणतात.

त्या अनाम बाईचा मी पुष्कळ विचार केला आहे. तिला हजरत फातिमांचा अनादर करायचा होता असं मला वाटत नाही. आमच्या जलशांतही ‘सय्यदा फातिमा की जिंदगी’ यावर बोललं जातं. त्यांचं स्वतः जातं फिरवणं, हाताला पडलेले घट्टे, घरातली चणचण, हे सगळं रिवायतींत आहे. पण आमचे वक्ते घट्ट्यांवरून घाईघाईने पुढे जातात आणि पडद्यावर मुक्काम करतात. जिच्या स्वतःच्या हाताला घट्टे आहेत ती बाई मग घट्टे दाखवणाऱ्या ओशिनचं नाव घेते. यात दोष बाईचा की वक्त्याचा?

हा प्रश्न माझ्यासाठी नुसता वाचनातला नाही. मागे आमच्याकडे मुलींच्या एका मेळाव्यात या मालिकांविरुद्ध चांगलंच ऐकवण्यात आलं. मुली बिघडतात, परक्या मुलखातल्या पोरांची चित्रं वह्यांना लावतात, वगैरे. चित्रं लावतात हे खरं आहे. माझ्या आठवीच्या मुलींनी आणखीही एक गोष्ट केली. पंधरा दिवसांत त्या कोरियन लिपी शिकल्या आणि वहीच्या मागच्या पानावर आपापली नावं त्या लिपीत लिहू लागल्या. मूळ अक्षरं चोवीसच. राजा सेजोंगने १४४३ मध्ये ही लिपी तयार केली, १४४६ मध्ये जाहीर केली, कारण चिनी चित्राक्षरं गोरगरिबांना येत नव्हती. दरबारातल्या विद्वानांनी विरोध केला. पुढे कित्येक वर्षं तिला बायकांची लिपी म्हणून हिणवलं जायचं. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, ‘टीचर, मग तर ती आमचीच झाली.’ उजवीकडून उर्दू, डावीकडून मराठी आणि इंग्रजी लिहिणाऱ्या या मुली. तपासणीला येणारे अधिकारी यांच्या नावापुढे ‘भाषेत मागे’ असा शेरा मारून जातात. यांनी चौथी लिपी कुणीही न सांगता हौसेने उचलली. मेळाव्यातल्या वक्त्यांना मी हे लिहून कळवलं. उत्तर आलेलं नाही.

दोष नाहीत असं मात्र समजू नका. श्रीमंत घराण्याचा तुसडा वारस आणि गरीब कष्टाळू मुलगी, ही जोडी आता मला झोपेतही ओळखू येते. स्मृती जाते, ट्रक येतो, पाऊस पडतो, छत्री एकच असते. जाहिराती तर कथेच्या पोटात शिरतात. ‘विन्चेन्झो’मधला इटालियन माफियाचा वकील भर धामधुमीत खिशातून कॉफीची गोळी काढून चघळतो! जेवणात डुकराचं मांस, प्रत्येक दुःखावर सोजूची बाटली. मुली शेवयांचं पाकीट घेताना हलालचं चिन्ह शोधतात, तेवढी त्यांना समज आहे. पण गोरा रंग आणि काडीसारखं शरीर म्हणजेच सौंदर्य, हे जे डोळ्यांवाटे आत जातं त्यावर कुठलं चिन्ह शोधायचं? सावळ्या मुली मला विचारतात, टीचर, तिथल्या पावडरीने खरंच रंग उजळतो का? या बाबतीत मेळाव्यातल्या मंडळींनी मुद्दा उचलला असता तर मी त्यांच्या बाजूने उभी राहिले असते.

जिथे वारस नाही आणि ट्रकही नाही अशा मालिका थोड्या आहेत, पण आहेत. २०१५-१६ ची ‘रिप्लाय १९८८’ घ्या. सोलमधली एक गल्ली, पाच घरं. पहिल्याच भागात संध्याकाळी प्रत्येक आई आपल्या घरचा पदार्थ शेजारी पाठवते, त्या घरून दुसरा येतो, आणि मुलं ताटल्या घेऊन गल्लीतून पळत सुटतात. शेवटी प्रत्येक घरात सगळ्या घरांचं जेवण. रमजानात मगरिबच्या आधीची आमची वाडी अगदी हीच! रिकामं ताट परत पाठवायचं नाही, हा नियमसुद्धा तोच. नायिकेच्या बापाने मित्राच्या कर्जाला जामीन राहून घर बुडवलेलं असतं, म्हणून ही माणसं तळघरात राहतात. जामीन राहणारे बापही आमच्याकडे पुष्कळ.

आणि मग २०२५ मध्ये आलेली ‘व्हेन लाइफ गिव्ह्ज यू टँजरीन्स’. लिम सांग-चुन या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखिकेची, सोळा भागांची. हीच एक मालिका मी माझ्या सासूबाईंबरोबर पाहिली. त्यांना आम्ही अम्मी म्हणतो. अम्मींना सबटायटल वाचता येत नाही, म्हणून मी शेजारी बसून भराभर कोकणीत सांगत जाते. जेजू बेटावरच्या हेन्यो बायका, म्हणजे प्राणवायूच्या नळकांड्याशिवाय समुद्राच्या तळाशी बुडी मारून शिंपले काढणाऱ्या. त्यांची परंपरा २०१६ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. वर आल्यावर त्या शीळ घातल्यासारखा श्वास सोडतात. अम्मींनी त्यांच्या तरुणपणी ओहोटीला खडकांवरची कालवं काढली आहेत. त्यामुळे पहिल्या भागापासून त्या नायिकेच्या आईच्या बाजूने. ती आई एकोणतिसाव्या वर्षी मरते तेव्हा अम्मींनी इन्नालिल्लाह म्हटलं, तेही अगदी खऱ्या मयतीला म्हणावं तसं.

नायिका ए-सून शाळेत असते तेव्हा वर्गाच्या निवडणुकीत तिला जास्त मतं मिळतात, पण मास्तर श्रीमंत घरच्या मुलाला वर्गप्रमुख करतो. अम्मींनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी म्हटलं, ‘मी नाही असं करत.’ त्या म्हणाल्या, ‘मी काही बोलले का?’

पुढे ए-सून सासरी जाते. तिथे पुरुषांचा चौरंग वेगळा, बायकांचा वेगळा. पुरुषांसमोर मासे, बायकांच्या पुढे उरलंसुरलं. ए-सूनचा नवरा ग्वान-सिक मितभाषी आहे. भांडत नाही, भाषण करत नाही. तो जेवता जेवता पुरुषांच्या चौरंगाकडे पाठ करतो आणि बायकोच्या ताटाकडे तोंड करून जेवू लागतो. बस्स, एवढंच! त्याच्या आजीच्या आणि आईच्या तोंडावर जे उमटतं ते पाहण्यासारखं आहे. आमच्याकडेही ईदला, लग्नाला, एरवीही कुणी पाहुणे आले की आधी पुरुषांचं दस्तरखान पडतं. वाढणाऱ्या बायका मग स्वयंपाकघरात बसून भांड्याच्या तळाचं खातात. बिर्याणीतल्या बोट्या तोपर्यंत संपलेल्या असतात. मीही बारा वर्षं तेच खात आले आहे आणि त्याबद्दल घरात एक शब्द काढलेला नाही. काढायचा तर कुणाकडे? वाढणारा हात अम्मींचाच असतो.

अम्मी त्या प्रसंगाला काहीच बोलल्या नाहीत. त्या वेळी माझे मिस्टर बाहेरच्या खोलीत मोबाइलवर क्रिकेट बघत होते. नंतर दोन भाग गेले. ए-सून आणि ग्वान-सिक मुलीच्या परदेशातल्या शिक्षणासाठी राहतं घर विकतात, तेव्हा अम्मींनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. घर विकलं? मुलीसाठी? मुलगा असताना? मी तिन्ही वेळा हो म्हटलं. मग त्या म्हणाल्या, ‘मघाशी तो पाठ फिरवून बसला होता ना, तो भाग परत लाव. मला त्याच्या आईचं तोंड बघायचं आहे.’

मी लावला. त्यांनी दोनदा पाहिला. शेवटचे चार भाग अजून राहिले आहेत. सहामाहीचे पेपर तपासून झाले की इशाच्या नमाजनंतर बघायचे, असं आमचं ठरलं आहे.